आझुकीचं पहिलं बॉन

शूहेइ आणि चिनात्सु ह्या नवराबायकोला भटकायचा नाद लागला तो पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि तोही स्वतःच्या हौसेने नव्हे, एका कुत्रीमुळे. कुत्री म्हणजे तरी केवढी, मांडीवर बसली तर अर्धी मांडी मोकळीच राहायची. रंग लाल चवळीचा, म्हणून नावही त्या चवळीचंच, आझुकी. नाव ठेवलं होतं शूहेइच्या आईने, कारण कुत्री मुळात तिची.

आई, तोमिएबाई, आझुमिनोला डोंगराच्या पायथ्याशी एकटी राहायची. फेब्रुवारीत अंगणातल्या नळापाशी बर्फावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आधी ऑपरेशनचं हॉस्पिटल, मग पुन्हा चालायला शिकवणारं हॉस्पिटल. तोवर कुत्रीचं काय, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा शूहेइ बायकोला म्हणाला की महिन्या-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. चिनात्सुने नाक मुरडलं. तिला कुत्र्यांचा ना राग होता ना लोभ. तिला नवीन सोफ्याची काळजी होती.

त्याआधीचे त्यांचे रविवार कसे जायचे हे सांगायला फार वेळ लागत नाही. तो एका खोलीत टीव्हीवर गोल्फ बघायचा, ती दुसऱ्या खोलीत फोन बघायची. भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं. मूल झालं नाही, त्यावर जे बोलायचं ते कधीच बोलून संपलं होतं, आणि सैतामातल्या त्या नीटनेटक्या फ्लॅटमध्ये दोघं एकमेकांना धक्का न लावता वावरायला शिकले होते.

आझुकीला फिरवावं लागायचं, म्हणून पहिल्या रविवारी दोघं नदीकाठी गेले. तिथे कुत्रेवाल्यांची एक वेगळीच बिरादरी असते. कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही. एका पांढऱ्याशुभ्र पॉमेरेनियनच्या मालकिणीने चिनात्सुला सरळ विचारलं, "तुम्ही आझुकीची आई का?" चिनात्सु हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने सोफ्यावर एक जुनी चादर टाकली. कुत्रीसाठी.

मग काय विचारता. एप्रिल उजाडेपर्यंत शूहेइने एक जुनी, खोक्यासारखी छोटी व्हॅन घेतली, मागच्या सीटा पाडून गादी अंथरली. चिचिबूच्या टेकड्या झाल्या, कावागुची तळं झालं, नासूची ती सराई झाली जिथे कुत्र्यांना माणसांच्या बरोबरीने ताट वाढतात. आझुकीला बसायला बाबागाडी आली, पावसाचा कोट आला, मानेला बांधायला रुमाल आले. पण खरी गोष्ट कुत्रीची नव्हतीच. गाडी हायवेला लागली की शूहेइ बोलायला लागायचा. शाळेतल्या मास्तरांच्या नकला, ऑफिसातल्या साहेबाच्या केसांच्या टोपाची भानगड, काय वाटेल ते. चिनात्सु पोट धरून हसायची आणि मध्येच तिला वाटायचं, हा माणूस इतकी वर्षं होता कुठे? आझुकी दोघांच्या मध्ये बसून आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघायची. ती नसली तर हे सगळं पुन्हा दोन खोल्यांत जाऊन बसेल, हे दोघांनाही कळत होतं. बोलून कोणीच दाखवलं नाही.

आणि मे महिन्याच्या सुट्टीत आईचा फोन आला.

ते तेव्हा हायवेवरच्या एका मोठ्या थांब्यावर होते. चिनात्सु कुत्र्यांच्या कुंपणाशी पट्टा हातात घेऊन उभी होती आणि आत आझुकी जीभ बाहेर काढून एका बुटक्या कॉर्गीच्या मागे पळत होती. आईचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत ऐकू येत होता, इतकी ती खुशीत होती. पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत, चालता येतं, वॉकर लागतो पण चालता येतं, तेव्हा येताना आझुकीला घेऊन या, तिचं अंथरूण उन्हात टाकायला शेजारच्या मोमोसे काकूंना सांगितलंय.

शूहेइने कुंपणाकडे पाहिलं. मग चिनात्सुकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "आई, कसं सांगू तुला. आझुकी गेली गं."

चिनात्सुच्या हातातला पट्टा जमिनीला टेकला. तो मात्र सुरूच राहिला, जणू कोणी मागून ढकलत होतं. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले हृदय. तू आजारी, म्हणून कळवलं नाही. अस्थी इथल्याच देवळात सगळ्या प्राण्यांच्या ठेवतात तिथे ठेवल्या. मग आई म्हणाली, "तुम्हाला फार त्रास दिला तिने. माझ्याकडून चिनात्सुची माफी माग."

चिनात्सु त्याच्या हातातून फोन घेऊ शकली असती. दोन पावलांवर उभी होती. त्या दुपारचं तिला पुढे कितीदा आठवलं, आणि प्रत्येक वेळी तिला खोटं बोलणारा नवरा कमी दिसायचा आणि गप्प उभी राहिलेली स्वतःच जास्त दिसायची. शूहेइ म्हणाला, अगं, आई वॉकर घेऊन चालणार, कुत्री पायात आली तर पुन्हा पडेल. हे खरंच होतं. त्यात खोट काढता येत नव्हती, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. चिनात्सुने मान डोलावली, आझुकीला हाक मारली, आणि ते पुढच्या तळ्याकडे निघाले.

आठवड्याने आईकडून ॲस्परॅगसची पेटी आली, गावातल्या शेतातली ताजी. सोबत चिठ्ठी नव्हती, पण फोन आला: चिनात्सुने शेवटपर्यंत तिचं केलं, त्याची ही परतफेड नव्हे, पण गोड मानून घ्यावं. चिनात्सुला एक कांडी गिळवेना. शूहेइने लोण्यावर परतून सगळे खाल्ले आणि देठ आझुकीला दिले. तिनेही आवडीने खाल्ले.

त्यानंतर फिरणं थांबलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. उलट वाढलं. आता थांबायला कारण उरलं नव्हतं, आणि घरी बसलं की आईची आठवण यायची. चिनात्सु फोटो काढायची आणि कुठेच टाकायची नाही. दाराशी शेजारीण भेटली की कुठे जाऊन आलो ते सांगायची नाही, परत येताना कोणाला मिठाईचा खोकाही आणायची नाही, कारण आणला तर कुठला ते सांगावं लागणार. चोरासारखं फिरत होते दोघं, एका बाबागाडीसकट.

ऑगस्टच्या सुरुवातीला आईने पुन्हा फोन केला. बॉनला या म्हणाली. बॉनच्या दिवसांत गेलेले सगळे घरी येतात, त्यांना आणायला फाटकाशी जाळ करायचा आणि शेवटी जाळ करूनच पोहोचवायचं. बाबा गेल्यापासून शूहेइ एका वर्षाआड जायचाच. पण आई बाबांचं बोलत नव्हती. "आझुकीचं पहिलं बॉन आहे," ती म्हणाली. "माणसाचं असतं तसं मोठं नाही करणार, लोक हसतील. पण तू आणि चिनात्सु आलात तर तिला घर लगेच सापडेल."

शूहेइने फोन ठेवला आणि म्हणाला, "नाही म्हणता येणार नाही."

त्या सुट्टीत ते इतोइगावाला, समुद्रावर जाणार होते. कुत्र्यांना पाण्यात सोडतात असा किनारा, आणि खोली जूनपासून धरून ठेवलेली. आझुमिनो वाटेवरच पडतं. तेव्हा ठरलं असं की जाता जाता संध्याकाळी आईकडे थांबायचं, जाळ करायचा, जेवायचं आणि पहाटेच्या कामाचं निमित्त सांगून निघायचं. कुत्र्यांची हॉटेलं बॉनमध्ये भरलेली असतात, त्यामुळे आझुकी बरोबरच. आझुकीच्या पहिल्या बॉनला आझुकीला घेऊन निघाले होते, आणि दोघांपैकी एकालाही त्यात हसू आलं नाही.

रिकाम्या हाताने जाता येत नाही. थांब्यावरच्या दुकानात चिनात्सुने बीनच्या मिठाईचा खोका घेतला. पहिल्या बॉनचा म्हटल्यावर दुकानातल्या बाईने अदबीने शोकाच्या काळ्यापांढऱ्या दोरीचा कागद गुंडाळला आणि हळू आवाजात सांत्वनाचं एक वाक्य बोलली. बाबागाडीतून आझुकीने तोंड वर काढून मिठाईचा वास घेतला. बाई म्हणाली किती गोड आहे. चिनात्सुचे कान पेटले. ती पैसे देऊन पळालीच.

व्हॅन त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, भाजीच्या टपरीमागे सावलीत लावली. काचा थोड्या खाली, छोटा पंखा सुरू, पाणी भरून. गल्ली अरुंद आहे म्हणून गाडी तिकडेच ठेवली, असं आईला सांगायचं ठरलं. आईने विचारलंच नाही. ती वॉकर धरून फाटकाशी उभी होती आणि फेब्रुवारीपेक्षा एक वीत लहान झाली होती.

घरात देवघरापुढे मांडामांड झाली होती. काकडीला काड्यांचे पाय लावून केलेला घोडा, येताना लवकर यावं म्हणून; वांग्याची गाय, जाताना रमतगमत जावं म्हणून. त्यांच्या शेजारी काकडीच्या वाकड्या शेंड्याचा एक टीचभर घोडा. मोमोसे काकू मदतीला आल्या होत्या आणि त्या घोड्याची टर उडवत होत्या. म्हणाल्या, "कुत्री कधी घोड्यावर बसते का? ती तर घोड्याच्या पुढे पळेल." आई म्हणाली की म्हातारपणी दमली तर असावा. बाबांच्या फोटोच्या खाली, एक पायरी सोडून, आझुकीचा फोटो होता. त्यापुढे उकडलेलं रताळं, लहान तुकडे करून. आत कोपऱ्यात छोटा पांढरा कंदील टांगला होता. पहिल्या बॉनला तो बाहेर ओसरीला लावतात. आईने लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून आत लावला होता. शूहेइने उदबत्ती लावून हात जोडले. त्याची पाठ एवढी ताठ झाली होती की चिनात्सुला ती बघवेना.

मोमोसे काकू त्यांच्या घरी गेल्या आणि शूहेइ 'गाडी बघून येतो' म्हणून सटकला. चिनात्सु सासूला मांजू तळायला मदत करत होती. बीनचं सारण भरलेले ते गोड मांजू पिठात बुडवून तेलात सोडायचे, बॉनला इथे घरोघरी होतात. आई खुर्चीवर बसून पीठ कालवत होती आणि बोलत होती, हात सुरू असले की बायका बोलतात तशी.

म्हणाली, ती पडली त्या दिवशी आझुकी तिच्या अंगावर चढून बसली होती, मोमोसे काकू येईपर्यंत भुंकत. म्हणाली, रुग्णवाहिकेत तिला घेतलं नाही, ती मागे पळत आली, वळणापर्यंत. म्हणाली, मी तिला सांगितलं होतं की चेरीच्या फुलांपर्यंत येते. मग ती कालवायची थांबली.

"चेरी येऊन गेली असेल तिकडे. सैतामात लवकर येते. फुलं बघून तिला कळलं असेल, ही काही येत नाही. वाट बघून बघून गेली बिचारी. डॉक्टर हृदय म्हणाले ना? बरोबर आहे. मी त्या दिवशी नळाशी चपला घालून गेले, बूट घालायचा आळस केला. एवढ्याशा आळसाने मी तिचा जीव घेतला बघ."

चिनात्सुच्या हातातला झारा तेलातच राहिला. मांजू करपायला लागला. तिला इतके दिवस वाटत होतं की त्यांनी सासूपासून एक कुत्री चोरली. चोरलं होतं ते कमीच होतं. वर म्हातारीच्या डोक्यावर एक खून ठेवून ते समुद्रावर निघाले होते.

ती म्हणाली, "आई, तसं नका म्हणू." एवढंच आलं तोंडातून. मग गॅस बंद करून ती चपला सरकवत बाहेर पडली.

शूहेइ व्हॅनमध्ये आझुकीला मांडीवर घेऊन बसला होता. चिनात्सुने दार सरकवलं आणि आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, समुद्रावरून परत येताना सांगू, नीट बसून सांगू, आज शेजारीपाजारी सगळे फाटकांशी असतील.

"तोवर तिने स्वतःला काय काय म्हणून घ्यायचं?"

"अगं, पण माझं तोंड..."

"तुझं तोंड मी बघितलं मे महिन्यात. माझंही बघितलं." तिने आझुकीला त्याच्या मांडीवरून उचललं. त्याने हात घट्ट केले नाहीत. तोही मागोमाग उतरला, पण चार पावलं मागे राहिला.

गल्लीत घरोघरी जाळ लागले होते. भूर्जाची साल मातीच्या परळात पेटवतात इथे. काळा, गोडसर धूर निघतो आणि चटचट आवाज होतो. आई फाटकाशी खुर्ची ओढून बसली होती आणि काठीने साल सारत होती. पलीकडच्या फाटकाशी मोमोसे काकू, त्यांचा मुलगा, सून. चिनात्सुने वाटेत वाक्यं जुळवली होती: आम्ही खोटं बोललो, तुमचा काही दोष नाही, क्षमा करा. आझुकीने वास घेतला आणि सगळी वाक्यं संपली. ती चिनात्सुच्या हातातून निसटली, पडली, उठली आणि लहान मूल रडावं तसा आवाज काढत पळत सुटली.

आई जागची हलली नाही. आझुकी तिच्या मांडीवर चढायला बघत होती, घसरत होती, आनंदाच्या भरात तिथेच मुतली. आईने काठी खाली ठेवली. दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं, कान चाचपले, डाव्या कानावरची ती जुनी खाच चाचपली. मग तिने वर पाहिलं. आधी सुनेकडे, मग तिच्यामागे अंधारात उभ्या असलेल्या मुलाकडे. बराच वेळ पाहिलं. चिनात्सुने आयुष्यात कधी कोणाच्या नजरेखाली इतका वेळ काढला नव्हता.

पलीकडून मोमोसे काकू म्हणाल्या, "अगंबाई. तोमिएबाई, ही तर..."

"बॉन आहे ना," आई म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "आली."

मोमोसे काकूंनी एकदा शूहेइकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या मुलाला म्हणाल्या की आपला जाळ विझतोय, साल टाक. त्या पुन्हा ह्या बाजूला वळल्या नाहीत. शूहेइची लाज झाकायला आईला तो एक शब्द पुरला होता, आणि ते शूहेइला कळलं असावं, कारण तो तिथेच रस्त्यात गुडघ्यांवर बसला.

"आई, मी..."

"ऊठ. मांजू गार होतायत."

त्या रात्री कोणी समुद्रावर गेलं नाही. शूहेइने ओसरीवर जाऊन खोली रद्द केली. जेवताना आईने फोटोपुढचं रताळं उचलून आझुकीला भरवलं, फोटो मात्र तिथून काढला नाही. चिनात्सुला ते विचारायचं धाडस झालं नाही.

सकाळी आई मागच्या वाफ्यात टोमॅटो तोडत होती, वॉकरच्या टोपलीत टाकत होती. चिनात्सु तिच्यापुढे उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. नदीकाठ, व्हॅन, तळी, कुंपणाशी आलेला फोन, पट्टा धरून आपण कसे गप्प राहिलो ते. दोन खोल्यांतले रविवारसुद्धा सांगितले, जे तिने स्वतःच्या आईलाही सांगितले नव्हते. ते सांगताना तिला वाटलं की आपण सबब सांगतोय, आणि ती थांबली. शेवटी म्हणाली, "तुम्ही रागवा आमच्यावर."

आईने एक टोमॅटो दाबून बघितला, कच्चा होता, तो झाडालाच ठेवला.

"रागवेन. पण आत्ता नाही. बाबा घरात आलेत, त्यांच्यापुढे भांडण नको. त्यांना जाऊ दे." मग पुढचा टोमॅटो टोपलीत टाकत म्हणाली, "माझ्या चपलांमुळे नाही गेली ती, एवढंच मला आधी नीट कळू दे. त्यालाच वेळ लागेल."

मग ते दिवस गेले. बाहेरून बघणारा कोणी म्हणाला असता, किती छान कुटुंब. शूहेइने गटार साफ केलं, नळाशी धरायला दांडी बसवली, फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. त्याची आई त्याला हे दे, ते आण एवढंच म्हणायची, आणि तो शाळकरी पोरासारखा धावायचा. आझुकी दिवसभर आईच्या वॉकरच्या मागे. आईने बाबागाडी पाहिली तेव्हा दोन्ही हात कमरेवर ठेवले. "ह्यात बसते ही? पाय कुठे गेले हिचे?" चिनात्सुला हसावं की मरावं कळेना.

पण तिचं ठरलं होतं. तिने नवऱ्यालाही सांगितलं, आणि तो नाही म्हणाला नाही, फक्त वळून भिंतीकडे बघत बसला. आझुकी इथेच राहणार. निघायच्या संध्याकाळी चिनात्सुने तिची भांडी, अंथरूण, रुमाल, पावसाचा कोट, सगळं ओसरीवर ओळीने मांडलं. आता घरी गेल्यावर आपण दोघं कोणत्या खोलीत बसू, हा विचार तिच्या मनात येत होता आणि ती तो दाबत होती. तेवढी शिक्षा तर हवीच होती. तेवढ्यावर सुटलो तर स्वस्तात सुटलो, असंही तिला वाटलं.

फाटकाशी पोहोचवणीचा जाळ लागला. वांग्याची गाय, मोठा घोडा, टीचभर घोडा, सगळं आईने कागदात गुंडाळून ठेवलं. हात जोडून, डोळे मिटून ती बाबांना मोठ्याने म्हणाली की गुडघा दुखतो तर सावकाश जा. आझुकी तिच्या पायाशी बसून धुराला शिंकत होती. शूहेइ बॅगा घेऊन व्हॅनकडे गेला. आता ती गल्लीतच, फाटकापासून थोडी पुढे उभी होती. त्याने बाजूचं दार सरकवलं. त्या दाराचा एक खास आवाज आहे, आधी कट्ट आणि मग लांब घरंगळल्यासारखा.

आझुकीचे कान उभे राहिले. ती उठली, शेपटी हलवत सरळ पळत गेली, एका उडीत आत, आणि पुढच्या दोन सीटांच्या मधल्या तिच्या जागेवर जाऊन बसली. तोंड रस्त्याकडे.

"आझुकी," आईने हाक मारली. फार मोठ्याने नाही.

आझुकीने मान वळवली, शेपटी जोरात हलवली. खाली उतरली नाही. सगळे का येत नाहीत, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

चिनात्सु धावली. म्हणाली, तिला आवाजाची सवय आहे, तिला कळत नाही, आत्ता आणते उचलून.

"राहू दे," आई म्हणाली.

"नाही आई, ती तुमची आहे. तिचं सामान मी ओसरीवर..."

"बघितलं मी सामान. उचल ते." आईने वॉकर फाटकाला टेकवला आणि खुर्चीवर बसली. "मला त्या दिवसापासून राग येतोय आणि तो मी काही सोडणार नाही. शूहेइला सांग, तोंड लपवून गाडीत बसू नकोस, ऐक. पण ती इथे राहिली तर रस्त्याने गाडी गेली की फाटकाशी धावणार. रोज. आणि मी ते रोज बघणार. माझं तिच्यासाठी एकदा रडून झालंय, चिनात्सु. चांगलं पोटभर रडलेय. पुन्हा तेवढं रडायला मला आता जमायचं नाही."

शूहेइ गाडीमागून पुढे आला होता. तो रडत होता, आणि आईने त्याच्याकडे पाहिलं पण डोळे पूस म्हटलं नाही.

"मग आम्ही काय करू?" चिनात्सुने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"फिरवा तिला. तिला आवडतं ते. आणि फिरून आलात की मला फोन करा. कुठे गेलात, ती पळाली का, काय खाल्लं, सगळं सांगायचं. ती खरंच जाईल तेव्हा तेसुद्धा सांगायचं. मी विश्वास ठेवेन."

हे शेवटचं वाक्य तिने अगदी साधेपणाने म्हटलं, आणि चिनात्सुला त्यापेक्षा एक थोबाडीत चालली असती.

सामान पुन्हा गाडीत चढलं. आईने त्या दिवशी पुन्हा तळलेले मांजू डब्यात भरून दिले, वाटेत खा म्हणाली, आणि रीतीप्रमाणे वाकून म्हणाली की एवढ्या लांब तिला घेऊन आलात, फार उपकार झाले. दोघं तिच्याहून खाली वाकले आणि वर यायचं त्यांना सुचेना. शेवटी तिनेच सांगितलं की निघा, धूर कुत्रीच्या डोळ्यात जातोय.

गाडी सुरू झाली. आझुकी चिनात्सुच्या मांडीवर आली, पुढचे पाय काचेखाली टेकवून पुढच्या रस्त्याकडे बघत, आता कुठे जायचं म्हणून आनंदाने थरथरत. शूहेइ एक शब्द बोलला नाही. मागे वळून बघितलं ते एकट्या चिनात्सुने. आई वॉकर सोडून फाटकाला धरून उभी राहिली होती. हात हलवून निरोप देईल म्हणून चिनात्सुने काच खाली केली. पण आईने हात हलवला नाही. परळातला जाळ खाली बसत होता, आणि तिने गाडीच्या दिशेने दोन्ही हात जोडले होते, डोळे मिटून, मघाशी बाबांसाठी जोडले होते तसेच.